दुसऱ्या रविवारी अकरा वाजता

सुले, तुझ्या अंत्यविधीला एकवीस गोरी माणसं आली होती आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मी मोजली. डावीकडे आपल्या मराठी मंडळातली माणसं होती, ती मला तोंडपाठ आहेत; कोण कुठे बसणार, कोण कुणाच्या शेजारी बसणार नाही, तेसुद्धा. उजवीकडे ही एकवीस अनोळखी डोकी. बहुतेक पिकलेली, एक जांभळं रंगवलेलं. आणि काळ्या कोटांखाली सगळ्यांच्या पायांत चालायचे जाड बूट. मला वाटलं, पुढच्या अंत्यविधीची मंडळी चुकून आपल्याकडे शिरली. क्रेमॅटोरियममध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट, असा घोटाळा होऊ शकतो. म्हणून मी एका काठीवाल्या बाईंकडे गेले आणि फार गोड आवाजात म्हटलं, "तुमचं बहुधा साडेबाराचं असेल."

"नाही," त्या म्हणाल्या, "आम्ही सुलभाकडे आलोय."

सुलभा. अगदी स्वच्छ, 'भ'सकट. अठरा वर्षं मी एका ऑफिसात काढली आणि तिथे अजून कुणाला वृंदा या माझ्या नावातला ऋकार सापडलेला नाही.

तुझ्या ईशाने मला तीन मिनिटं दिली होती. मी नऊ मिनिटांचं बसवून आले होते, विरामांसकट. "मावशी, प्लीज, थ्री मिनिट्स," ती दारातच म्हणाली, "पुढचा फॅमिली बाहेर उभा असतो." आई गेलेल्या मुलीशी वाद घालायचा नसतो म्हणून मी सहा मिनिटं कापली. एकच प्रसंग ठेवला, पिनरच्या हळदीकुंकवाचा. सगळ्या बायका चार-चार ओळी जुळवून उखाणे घेत होत्या, मी तर आठ ओळींचा घेतला, आणि तुझी पाळी आल्यावर तू उठलीस, "श्रीकांत" म्हणालीस आणि बसलीस. लोक हसले. तुझा श्रीकांतही हसला, रुमालाआडून. मी समाधानाने जागेवर आले.

मग ती काठीवाली बाई उभी राहिली. तिचं नाव मार्गारेट. तिला कुणी मिनिटं घालून दिली नव्हती असं दिसलं. ती म्हणाली, तू लोकांना रोमन अवशेष दाखवत हिंडवायचीस त्या वॉकला एकदा कुणीतरी विचारलं, ही रोमन भिंत नक्की बांधली कुणी? आणि तू म्हणालीस, "काही इथले असतील, काही लांबून कामाला आलेले असतील. कुणाकडे कसला व्हिसा होता, ते मला माहीत नाही."

अख्खा हॉल हसला. डावी बाजू आणि उजवी बाजू, दोन्ही. माझ्या वेळेपेक्षा जास्त. मी खोटं कशाला बोलू, तुझ्या पेटीपासून दहा फुटांवर बसून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा विनोद तू मला का नाही सांगितलास.

तू आणि विनोद? एकोणीस वर्षं तू माझी प्रॉम्प्टर होतीस. मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत, जिथे मी दिव्यांच्या उजेडात उभी, तिथे तू डाव्या विंगेत घडीच्या स्टुलावर, मांडीवर वही आणि हातात छोटा टॉर्च. मी वाक्य विसरले की तू फक्त पहिला शब्द द्यायचीस. एकच. मी चिडायचे, "पूर्ण वाक्य दे की गं, जीव जातो तिथे." तू म्हणायचीस, "पूर्ण दिलं तर तू माझ्या आवाजात बोलशील. एवढ्यावर तुझं तुला आठवेल." आणि आठवायचं. टाळ्या मला मिळायच्या. प्रयोग झाल्यावर तू स्टूल मिटून गाडीत टाकायचीस आणि मला घरी सोडायचीस. मला ही वाटणी अगदी योग्य वाटत होती.

म्हणून तुझा तो फोन आला तेव्हा मी हसले.

"वृंदे, मी वॉक घेणार आहे."

"कसला वॉक?"

"आमच्या इथल्या पार्कातला. रोमन अवशेषांचा. गाइडची परीक्षा झाली, बॅज मिळाला."

"आणि बोलणार कोण?"

"मीच."

मी इतका वेळ हसले की दुसरी कुणी असती तर तिने फोन ठेवला असता. तू थांबलीस. "झालं हसून? दुसऱ्या रविवारी अकरा वाजता. येतेस?"

आले. गेल्या वर्षीचा जून होता, मी माझा लाल कोट घातला होता आणि सेंट ऑल्बन्सच्या म्युझियमच्या कार पार्कात तुझ्याभोवती आठ माणसं उभी होती. मी नववी. नऊच्या वर माणसं घ्यायची नाहीत हा तुझा नियम. नऊ जण तुझ्याभोवती एका गोलात उभे राहतात, दहावा आला की दुसरी रांग सुरू होते, आणि दुसऱ्या रांगेतल्या माणसाला तू ओळखत होतीस, कारण तू जन्मभर तीच होतीस. हे शेवटचं तू म्हणाली नाहीस. हे मी आत्ता घातलं.

पार्कातून खाली गेलो. ती भिंत. गारगोटीच्या दगडांचे थर आणि मध्येच लाल, चपट्या विटांच्या ओळी, अंगावर झाडोरा, वर दोन कावळे. मला वाटलं, आता ही सन सांगेल, सम्राटाचं नाव सांगेल, उंची-रुंदी सांगेल, सगळे जांभया देतील आणि मी जाताना हिला गाडीत समजावीन की श्रोत्यांना कसं धरायचं असतं. तू विचारलंस, "काय काय दिसतंय?" आणि गप्प उभी राहिलीस.

मी मनात मोजायला लागले. रंगमंचावर बारा सेकंद शांतता राहिली की नाटक मरतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी अकरापर्यंत आले. ती आठ माणसं भिंतीकडे बघत होती. एक बाई पुढे होऊन विटांच्या ओळी मोजायला लागली. तू तशीच, हात मागे बांधून. मला ते सहन झालं नाही. मी बोलायला लागले.

भिंतीपाशी मी थोडंच बोलले. पण त्या गरम फरशीच्या खोलीत, जिथे जमिनीवर रंगीत खड्यांची नक्षी आणि तिच्याखाली ऊब खेळवायला पोकळी आहे, तिथे मात्र मला राहवलं नाही. तू विचारलंस, "इथे कोण राहत असेल?" आणि पुन्हा ती तुझी शांतता. मी मार्कसला जन्माला घातलं. मार्कस, घराचा मालक, तेलाचा व्यापारी, बायकोच्या धाकातला. सासू राहायला आली की मार्कस नोकरांना सांगायचा, आज खाली लाकडं दुप्पट घाला, म्हणजे म्हातारी एका जागी बसणार नाही. लीड्सचं एक जोडपं होतं, त्यातला नवरा डोळे पुसेपर्यंत हसला. आणि शेवटी ते उघडं रोमन थिएटर, गवताची चढण, एकटा उभा खांब. सुले, माझ्यासारख्या बाईला तू रंगमंचावर नेलंस आणि अपेक्षा ठेवलीस की मी बाजूला उभी राहीन? मी खांबाला टेकून माझं सगळ्यात गाजलेलं स्वगत म्हटलं. मराठीत. कुणाला अक्षर कळलं नाही आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लीड्सच्या बाईने मला विचारलं, "तुम्ही किती वर्षं गाइड आहात?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू घड्याळ बघत होतीस.

मग तुझ्या गाडीत बसून तू डबा उघडलास. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि फ्लास्कमधला चहा.

"मार्कस कोण?" तू विचारलंस.

"असेल कुणीतरी. एवढे रोमन होते, एक तरी मार्कस असेलच."

"तिथे कोण राहायचं ते कुणालाच माहीत नाही, वृंदे."

"म्हणून तर सांगितलं. रिकामी जागा कशाला ठेवायची?"

"रिकामी आहे म्हणून."

"लोक हसले की नाही?"

"हसले."

"मग?"

"मग काही नाही. पुरी घे."

मी पुरी घेतली. तू काचेतून समोर बघत म्हणालीस, "मला माहीत नाही, हे चारचौघांत उभं राहून म्हणायला मला इतकी वर्षं लागली. आता कुठे जमायला लागलंय. तेवढं माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

मी म्हटलं, "अगं, मी तुला मदत केली." तू म्हणालीस, "हो." त्या 'हो'वर आपला वाद थांबला आणि अजून तिथेच आहे. मला अजून वाटतं की लोक दोन तास चिखल तुडवून येतात ते गोष्ट ऐकायला. तुला वाटायचं ते बघायला येतात. तू असतीस तर मी आत्ता म्हटलं असतं, बघून होतं दोन मिनिटांत, मग पुढे काय? आणि तू काहीच बोलली नसतीस, आणि मला ते तुझं बोलणं वाटलं असतं. निम्म्या वेळा तू माझ्याशी अशीच जिंकलीस.

जुलैपासून तुझे मेसेज सुरू झाले. दर महिन्याला एकच ओळ. "दुसऱ्या रविवारी अकरा वाजता. येतेस?" जुलैत मी लिहिलं, पाहुणे आहेत. पाहुणे नव्हते. ऑगस्टमध्ये माझा गुडघा धरला. सप्टेंबरात गणपतीच्या नाटकाची तालीम होती आणि ती खरी होती, पण संध्याकाळी सहाला होती. पुढे कारणं शोधण्यात मला गंमत वाटायला लागली. एकदा तर मी कौन्सिलचा माणूस कचऱ्याच्या डब्यांची पाहणी करायला येणार आहे असं कळवलं. रविवारी. तू लिहिलंस, "बरं." पुढच्या महिन्यात पुन्हा तीच ओळ.

मला यायचं नव्हतं कारण मी एकदा बघितलं होतं. थिएटरमधून परत येताना, माझ्या टाळ्या ओसरल्यावर, ती विटा मोजणारी बाई तुझ्याजवळ आली आणि हळू आवाजात काहीतरी विचारायला लागली. मग दुसरा एक. माझ्याभोवती लोक हसायला आले होते, तुझ्याभोवती थांबले होते. तो फरक मला कार पार्कापर्यंतसुद्धा नीट चालू देईना. ज्या बाईला उखाणा जमत नव्हता तिच्याभोवती लोक गोल करून उभे राहतात, आणि मी पंचवीस वर्षं नाचते, गाते, रडून दाखवते, मला मध्यंतराचे वडे पुढे ठेवून लोकांना बसवावं लागतं. हेवा हा शब्द फार सोवळा आहे. मी जळत होते.

आता जे लिहायचंय ते मंडळाच्या या अंकात लिहिणं मला भाग आहे, कारण ते ज्यांना सांगितलं ती माणसं हाच अंक वाचणार आहेत.

दिवाळीच्या कार्यक्रमाला तू आली नाहीस. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा डाव्या विंगेत तुझं स्टूल नव्हतं. हॉलमध्ये फराळाच्या वेळी सगळे मला विचारत होते, सुलभा कुठाय? मला माहीत नव्हतं. तू फक्त "या वेळी जमत नाही" एवढंच लिहिलं होतंस. तेवढंच सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यासमोर बारा-पंधरा माणसं कागदी ताटल्या घेऊन उभी होती आणि ती माझ्याकडेच बघत होती. मी प्लॅस्टिकचा चमचा काठीसारखा धरला, मान तिरकी केली आणि तुझी नक्कल केली. अगदी बीबीसीच्या इंग्रजीत. "अँड हिअर, लेडीज अँड जंटलमन, वुई हॅव अ स्टोन." मग दहा सेकंद गप्प. "अँड हिअर, अनदर स्टोन." लोक फुटले. मी म्हटलं, सुलभाबाईंना आता गोरे श्रोते मिळालेत, आपल्या विंगेतली धूळ त्यांना सोसत नाही. वर्षभरातला माझा सगळ्यात मोठा हशा तो होता.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, तुझी पहिली केमो झाली होती.

ती नक्कल हॅरोभर फिरली. लोकांनी मला पुन्हा करायला लावली आणि मी प्रत्येक वेळी एक दगड वाढवला. संक्रांतीला दोन घरी हळदीकुंकू झालं, दोन्हीकडे तुला बोलावणं गेलं नाही. "तिला कुठे वेळ असतो आता," असं त्या बायका म्हणाल्या आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ते वाक्य माझं आहे.

मे महिन्यात श्रीकांतचा फोन आला. "वृंदा, तू येऊन जा." बस्स, एवढंच. तुम्हा दोघांना शब्द वाया घालवायची सवयच नव्हती. मी आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस, डोक्याला निळा स्कार्फ, आणि हात इतके हलके झाले होते की धरायची भीती वाटली. एडिनबराच्या हॉस्पिटलातून रजा काढून ईशा आली होती, पायाशी खुर्चीत झोपली होती. मी काय केलं? मी तुझ्यासमोर दोन तास बोलले. गुढीपाडव्याच्या नाटकात दाढी कशी सुटली, नव्या प्रॉम्प्टरने दुसऱ्याच अंकाचं पान कसं उघडलं. तू हसत होतीस. मध्ये एकदा मी थांबले तर तू डोळे मिटूनच म्हणालीस, "बोलत राहा. ऐकू येतंय." मला तेव्हा ते प्रशस्तिपत्र वाटलं. दोन तासांत मी तुला एकही प्रश्न विचारला नाही. दिवाळीचं तर बोललेच नाही. उद्या बोलू म्हटलं. परवा तू गेलीस.

अंत्यविधीनंतर चार दिवसांनी मी तुझ्या वॉकवाल्या मंडळींना ईमेल पाठवली. सुलभाची सगळ्यात जवळची मैत्रीण, पंचवीस वर्षांचा रंगमंचाचा अनुभव, वॉक पुढे चालवायला मी तयार आहे. हो, मी हे केलं. तुला हसू येत असेल तर खुशाल हस. मला वाटत होतं की तुझी जागा रिकामी आहे आणि ती माझी आहे. फार नम्र उत्तर आलं. माझ्या उत्साहाचं कौतुक होतं, प्रशिक्षणाची माहिती होती, जूनचा वॉक कॉलिन घेणार असून त्यात पाहुणी म्हणून माझं स्वागतच होतं. कॉलिन म्हणजे तुझ्या मागे-मागे हिंडून शिकलेला, निवृत्त पोस्टमन. तू त्याला तयार केलंस. मला नाही केलंस.

मी गेले. गेल्या रविवारी. लाल कोट नाही घातला, पण डोक्यात विचार लालच होते. कार पार्कात मार्गारेट होती, जांभळ्या केसांचा तो माणूस होता, बाकी नवीन. कॉलिनने यादी काढली, एकेका नावावर खूण केली. माझ्या नावाशी आला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "आलात." मला वाटलं, माझी कीर्ती पोचलेली दिसते.

कॉलिन चांगला बोलतो, सांगायला जड जातंय. भिंतीपाशी त्याने तुझाच प्रश्न विचारला आणि तो तुझ्याइतकाच गप्प उभा राहिला. मीही राहिले. बारा सेकंद गेले, वीस गेले. भिंतीवरून एक गोगलगाय चालली होती. एका तरुण मुलीने विचारलं, या विटा मध्येच का? आणि मग दुसऱ्याने अंदाज केला, तिसऱ्याने तो खोडला, आणि बघता बघता नऊ माणसं एका भिंतीवरून भांडायला लागली. नाटक मेलं नाही.

गरम फरशीपाशी जांभळ्या केसांचा माणूस सहज म्हणाला, "सुलभाच्या आईकडे बंब होता तसंच ना हे?" बंब. तो शब्द त्याने बरोबर उच्चारला, वर हाताने तांब्याच्या बंबाचा आकार करून दाखवला. खाली विस्तव, मध्ये नळी, भोवती पाणी, आणि पाणी तापेपर्यंत त्याला पाठ लावून अभ्यास करणारी तू. पंचवीस वर्षांत हे तू मला सांगितलं नव्हतंस. मला विचारायचंही सुचलं नव्हतं, हे वेगळं. पण त्या क्षणी मी त्या माणसाचे जांभळे केस एकेक करून उपटू शकले असते.

थिएटरच्या गवतावर बसून मार्गारेटने डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या. जाड, एका बाजूला करपलेल्या, ओवा जास्त. मी तुझ्याकडे कितीदा त्यांचं प्रमाण मागितलं होतं? दर वेळी "अंदाजाने गं." मार्गारेट म्हणाली, "सुलभाने कपात मोजून लिहून दिलंय." ती तुला केमोला घेऊन जायची, बाहेर बसायची, आणून सोडायची. ऑक्टोबरपासून. ते ती असं सांगत होती जसं मला हे माहीतच असणार. मी मान हलवत राहिले. जन्मात मी इतका चांगला अभिनय केलेला नाही.

मग तिने रुमालाला हात पुसले आणि म्हणाली, "आज बरं वाटलं. नऊच्या नऊ आले."

"नेहमी येत नाहीत?"

"येत असतील बाकीच्यांच्या वॉकला. सुलभाच्या आठच." ती माझ्याकडे बघत होती. "नवव्या जागी दर महिन्याला तुमचं नाव असायचं. ती स्वतः लिहायची. वेटिंग लिस्टवर माणसं असायची, पण ती जागा ती कुणाला द्यायची नाही. अकरा वाजले की म्हणायची, आणखी एक जण यायची आहे, पाच मिनिटं थांबू या."

"आणि मग?"

"मग पाच मिनिटं झाली की निघायचो. फेब्रुवारीत फार थंडी होती, तिला उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, तुझी मैत्रीण येत नाही गं. ती म्हणाली, माहीत नाही, येईलही."

दहा वेळा, सुले. जुलै ते एप्रिल. दहा रविवारी नऊ-दहा माणसं त्या कार पार्कात उभी राहून माझी वाट बघत होती आणि मी पिनरला पलंगावर लोळत पुढच्या महिन्याचं कारण रचत होते. मला आयुष्यात कधी एवढी मोठी एंट्री कुणी लिहून दिली नव्हती आणि मी ती दहा वेळा चुकवली.

मी मार्गारेटला विचारलं, माझ्याबद्दल आणखी काय सांगायची? ती म्हणाली, "काही नाही. फक्त नाव." तिने मला चांगली म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही, दिवाळीचं तुला कळलं होतं की नाही हेही मला तिच्याकडून समजलं नाही. तू आजाराचं मला का सांगितलं नाहीस, असं आता मंडळातले सगळे मला विचारतात. माझ्याकडे तीन उत्तरं तयार आहेत, तिन्ही सुंदर आहेत, एक तर ऐकून माणूस रडेल असं आहे. त्यातलं एकही मी इथे लिहिणार नाही. एवढं मात्र लिहिते, कारण एवढंच मला खरं माहीत आहे: सुलभा आपल्याला विसरली नव्हती, तिला गर्व झाला नव्हता, ती दिवाळीला आली नाही कारण ती आजारी होती, आणि बाकीचं सगळं मी हशासाठी रचलं होतं. ज्यांनी तिला बोलावलं नाही त्यांनी मला दोष द्यावा, आणि ती नक्कल मला पुन्हा कुणी करायला सांगू नये.

निघताना मी कॉलिनला गाठलं. म्हटलं, जुलैच्या दुसऱ्या रविवारी माझं नाव घाल. त्याने फोनवर यादी बघितली आणि त्याचा चेहरा पडला. भरली आहे, म्हणाला, वेटिंगवर तुम्ही तिसऱ्या. मी तोंड उघडलं. माझ्याकडे त्या वेळी असं काही सांगण्यासारखं होतं की त्या बिचाऱ्याने स्वतःची जागा मला दिली असती. मी तोंड मिटलं आणि म्हटलं, तिसरी तर तिसरी.

ज्यांना जागा मिळाली त्या नऊ जणांचा मला आत्तापासूनच राग येतोय. तरी मी जाणार आहे. अकराच्या आधी जाऊन बाजूला उभी राहीन. त्या नऊ जणांत माझ्यासारख्या तिघी तरी असतीलच, यादीत नाव असून न येणाऱ्या.